चित्रकलेचा तास व्यर्थ आहे काय?

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेच्या तासास जे स्थान मिळते, ते पंगतीतील लोणच्याच्या स्थानाहून फारसे निराळे नाही. वाढले तर बरे वाटते. न वाढले तरी कोणी पानावरून उठत नाही. वार्षिक परीक्षा जवळ आली, की गणिताचा अथवा इंग्रजीचा अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी प्रथम हाच तास मागून घेण्यात येतो, आणि त्याबद्दल तक्रार घेऊन शाळेत येणारा पालक विरळा. एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या सरकारी ग्रेड परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास दहावीच्या परीक्षेत काही वाढीव गुण मिळतात हे कळल्यावर मात्र घरोघर रंगांच्या पेट्या येतात. आणि ते गुण पदरात पडले, की त्या पेट्या माळ्यावर जातात. सारांश, चित्रकला ही गुणांची पुरवणी किंवा रिकामपणाची करमणूक, ह्यापलीकडे तिला काही अर्थ आहे असे आपणांपैकी बहुतेकांस वाटत नाही.

ह्या समजुतीस माझा विरोध आहे, आणि तो मांडण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मनुष्यावर एखादे दुःख कोसळते आणि शब्द त्याच्या कामी येईनासे होतात, तेव्हा त्यास सावरून धरणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी ह्या जगात आहेत, त्यांत चित्रकला ही एक आहे. परंतु हे बळ छापील चित्र समोर ठेवून केलेल्या नकलेतून येत नाही. आपल्या भोवतालची सृष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, तिचे रूप स्वतःच्या हाताने उतरविल्यानेच ते येते. म्हणून चित्रकलेचा तास कोणी मागितला तरी देऊ नये; आणि तो वर्गाच्या चार भिंतींत कोंडूनही ठेवू नये.

हे मत नुसत्या कल्पनेवर उभारलेले नाही. आपल्याच महाराष्ट्रातील एका आदिवासी चित्रकाराचे चरित्र त्यास साक्ष आहे. त्याचे नाव जिव्या सोमा म्हसे.

वारली ही पालघर व ठाणे जिल्ह्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणारी जमात. त्यांची जुनी घरे कुडाची, वरून माती व शेण यांनी सारवलेली. घरात लग्न निघाले, की सुवासिनी त्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौक काढतात. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले, की तोच त्यांचा कुंचला. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. झाडाझुडपांची व धान्याची वाढ करणारी ती माता, अशी त्यांची भावना आहे. ह्या कलेतील मूळ आकृती पाहिल्या तर तीनच : वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन. सूर्य व चंद्र यांचे वर्तुळ, डोंगराचा त्रिकोण, आणि मनुष्याने आखलेल्या पवित्र जागेचा चौकोन. दोन त्रिकोण टोकास टोक लावून ठेवले, की माणसाचे धड तयार होते. हे काम परंपरेने स्त्रियांचे. पुरुषाने चित्र काढीत बसावे असा रिवाज त्या जमातीत नव्हता.

अशा समाजात, त्या वेळच्या ठाणे व हल्लीच्या पालघर जिल्ह्यातील धामणगाव ह्या गावी, १९३४ साली म्हसे यांचा जन्म झाला. ते सातएक वर्षांचे असताना त्यांची आई निवर्तली. त्या आघाताने मुलाची वाचाच बसली. कित्येक वर्षे तो कोणाशी बोलेना. जे काही सांगावयाचे असेल ते तो धुळीत रेघा ओढून सांगे.

पालकहो, ह्या प्रसंगाकडे आपण जरा थांबून पाहू. सात वर्षांचे पोरके पोर. त्याच्या दुःखावर बोलण्यासाठी त्याच्यापाशी शब्द नव्हते, आणि शब्द असते तरी ते ऐकून घेण्यास किती जणांस सवड असती? अशा मुलाच्या हाती कागद नव्हता, रंग नव्हते, गुरू नव्हता. होती ती केवळ धूळ, म्हणजे गरिबातल्या गरिबाच्या दारापुढेही फुकट मिळणारी पाटी. त्या पाटीवर त्याने आपले बोलणे चालू ठेवले. त्याची वाचा गेली. परंतु जगाशी असलेला त्याचा संबंध तुटला नाही, कारण रेघेने तो धरून ठेवला होता.

पुढे हा मुलगा मोठा झाला, बोलू लागला, कळंबीपाडा येथे संसार करू लागला. तथापि चित्र काढणे त्याने सोडले नाही. जे काम स्त्रियांनी केवळ लग्नकार्यापुरते करावयाचे, ते हा पुरुष नित्य करू लागला. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी हे हस्तव्यवसायाच्या सरकारी कामानिमित्त त्या पाड्यांतून हिंडू लागले. त्यापूर्वी १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात ते मिथिला प्रांती गेले होते, आणि घराच्या भिंती रंगविणाऱ्या तेथील स्त्रियांना कागद पुरवून चार पैसे मिळवून देण्याच्या कामी त्यांनी मोठी खटपट केली होती. वारली पाड्यांवरही त्यांनी कागद वाटले, आणि म्हसे यांचा हात त्यांच्या नजरेस आला. १९७६ साली म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरी २००३ साली रिचर्ड लाँग ह्या इंग्रज कलावंताच्या कामाशेजारी त्यांची चित्रे मांडण्यात आली. हॉलंडमधील प्रिन्स क्लाउस पुरस्कार २००९ साली व आपल्या सरकारची पद्मश्री २०११ साली त्यांना मिळाली. मे २०१८ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, ते दिवंगत झाले.

परंतु ह्या मानसन्मानांसाठी मी त्यांचे नाव घेतलेले नाही. त्यांच्या चित्रांत जे दिसते त्यासाठी घेतले आहे. ती चित्रे पाहणाऱ्यास एक गोष्ट ताबडतोब जाणवते, ती ही की त्यांत एकही जीव स्वस्थ बसलेला नाही. माणसे शेत नांगरतात, लाकडे वाहतात, पाणी भरतात, पाखरे उडतात, मुंग्यांची रांग चाललेली असते. एका चित्रात मासे धरण्याचे प्रचंड जाळे असंख्य बारीक रेघांनी विणलेले आहे, आणि ते सगळा कागद व्यापून टाकते. तारप्याच्या नाचात स्त्रीपुरुष एकमेकांचे हात धरून वाजविणाऱ्याभोवती शंखाच्या वळशाप्रमाणे फिरत राहतात. ज्या मुलाचे जग आईच्या मृत्यूने एकाएकी थांबले, त्याने पुढील सारे आयुष्य थांबत नाही असे जग रेखाटण्यात घालविले. त्याने आईच्या चितेचे चित्र काढून आपले दुःख जगापुढे मांडले नाही. त्याने पेरणी काढली, कापणी काढली, पाऊस काढला. माझ्या मते धैर्य म्हणतात ते हेच. दुःख विसरावे लागले नाही, आणि दुःखापाशी अडकूनही पडावे लागले नाही.

आपल्या शाळेत शुभवर्तमान वाचले जाते, म्हणून येथे एका प्रसंगाची आठवण द्यावीशी वाटते. दोषी ठरविलेल्या एका स्त्रीस घेऊन लोक प्रभु येशू ख्रिस्तापुढे आले, आणि तिला धोंडमार करावी की काय असे विचारू लागले, तेव्हा तो खाली ओणवला व बोटाने जमिनीवर लिहू लागला. त्याने काय लिहिले हे शास्त्राने सांगितलेले नाही. कित्येक विद्वानांनी त्यावर तर्क केले आहेत. मला मात्र त्या लिखाणापेक्षा ती कृतीच महत्त्वाची वाटते. सभोवार क्रोध आणि ओरड माजली असता त्याने प्रथम आपले बोट मातीस लावले, आणि बोलला तो नंतर. त्याचप्रमाणे उद्याच्या अन्नवस्त्राच्या चिंतेत पडलेल्या शिष्यांस त्याने कोणताही ग्रंथ उघडून दाखविला नाही; आकाशातील पाखरे व रानातील फुले यांकडे लक्ष देण्यास सांगितले. सृष्टीकडे लक्षपूर्वक पाहणे हा चिंतेवरील उपाय आहे, असे आमचा गुरूच सांगून गेला आहे. आपल्यापैकी ज्यांचा धर्म निराळा आहे, त्यांच्याही संतांनी हे निरनिराळ्या शब्दांत सांगितले आहे, ह्याविषयी मला शंका नाही.

आता एक आक्षेप मीच उपस्थित करतो. हल्ली वारली चित्रे कोठे नाहीत? शाळांच्या भिंतींवर, कचेऱ्यांच्या आवारात, पिशव्यांवर, साड्यांवर, लग्नाच्या आमंत्रणांवर ती सर्वत्र दिसतात. मग वारली चित्रे काढावयास मुलांना शिकविले, म्हणजे म्हसे यांचा धडा आपण गिरविला असे होणार नाही काय?

नाही, असेच मला म्हणावयाचे आहे. भंडारा जिल्ह्यातील मुलाने तारपा कधी पाहिलेला नाही, ऐकलेला नाही. तो त्रिकोणास त्रिकोण जोडून नाचणारी रांग काढतो, ती दुसऱ्याच्या अंगणातली धूळ आपल्या वहीत आणून टाकण्यासारखे आहे. रेघ सुबक येईल, बक्षीसही मिळेल. परंतु त्या मुलाच्या स्वतःच्या घरी उद्या दुःखाचा प्रसंग आला, तर ती उसनी रेघ त्याच्या उपयोगी पडणार नाही. म्हसे यांनीही परंपरा घेतली, हे मी नाकारीत नाही. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन ही अक्षरे त्यांना जमातीच्या स्त्रियांकडून मिळाली. पण त्या अक्षरांनी त्यांनी जे लिहिले, ते त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेले होते. आपण त्यांची अक्षरे उचलतो आणि पाहणे मात्र विसरतो.

आपल्याकडे पाहण्यासारखे काही नाही, असे म्हणण्याची सोय परमेश्वराने आपणांस ठेवलेली नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात वाकलेली बायांची ओळ पाहा. तिच्या पाठींची रेघ आणि मागच्या धुऱ्याची रेघ कशी एकमेकींस समांतर जातात ते पाहा. माजी मालगुजारी तलावांच्या कडेचे बगळे, वैनगंगेच्या वाळूत उन्हाळ्यात उरणाऱ्या पाण्याच्या निळ्या धारा, फाल्गुनात एकही पान नसताना पेटून उठलेला पळस, पहाटे मोहाखाली टोपल्या घेऊन फुले वेचणारी माणसे, ऐनाच्या फांदीस लटकणारे कोशाचे फळासारखे घर, तान्ह्या पोळ्यास पोरांनी सजविलेले लाकडी बैल, दंडारीतील सोंगे. ह्यांतील कोणती गोष्ट चित्रास कमी पडेल? पवनीस १९६९-७० साली झालेल्या उत्खननात दोन हजार वर्षांहूनही जुन्या स्तूपांचे अवशेष सापडले. त्यांतील एका शिल्पावर मुचलिंद नागाचे नाव कोरलेले आहे. वादळपावसात बुद्धावर फणा धरून बसणारा तो हा नाग. आपल्या पूर्वजांपैकी कोणा अज्ञात कारागिराने, संकटात मिळालेल्या आसऱ्याची गोष्ट सांगावयाची असता, रानात दिसणारा प्राणीच निवडला व दगडात उतरविला. ह्या भूमीत ही विद्या नवीन नाही.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. सैयद हैदर रझा हे जगप्रसिद्ध चित्रकार १९२२ साली मंडला जिल्ह्यात, म्हणजे त्या वेळच्या आपल्याच मध्यप्रांतात, जन्मास आले. वडील जंगलखात्यात नोकर असल्यामुळे त्यांचे बालपण रानात गेले. शाळेत हा मुलगा अतिशय चंचल. तेव्हा त्याच्या गुरुजींनी पडवीच्या भिंतीवर एक ठिपका काढला, आणि त्याकडे पाहत बसण्यास सांगितले. पुढे १९३९ ते १९४३ पर्यंत नागपूरच्या कलाशाळेत व नंतर मुंबईस त्यांचे शिक्षण झाले. १९४७ साली आई गेली, १९४८ साली वडील गेले, आणि फाळणीनंतर भावंडांपैकी बहुतेक पाकिस्तानात निघून गेली. १९५० साली रझा फ्रान्सला गेले व तेथेच त्यांनी आयुष्याची साठ वर्षे घालविली. परंतु उतारवयाकडे झुकताना त्यांच्या चित्रांत काय आले? गुरुजींनी भिंतीवर काढलेला तो ठिपका! तोच त्यांचा सुप्रसिद्ध ‘बिंदू’ झाला. त्याच्याभोवती त्यांनी मध्यप्रांताच्या मातीचे रंग, रानातील काळोख व उन्हाचा पिवळेपणा मांडला. घर, आईबाप व देश इतके सर्व दुरावल्यावर ज्याच्याभोवती आयुष्य पुन्हा रचता यावे, असे मध्य त्यांना एका खेड्यातील शिक्षकाने बालपणीच देऊन ठेवले होते. २०१६ साली ते वारले, तेव्हा त्यांना मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी पुरण्यात आले. शिक्षकबंधूंनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या गुरुजींनी मुलास चित्रकार करण्यासाठी ठिपका काढला नव्हता. एके ठिकाणी डोळा ठेवण्यास शिकविण्यासाठी काढला होता.

तिसरे उदाहरण दूरचे व अत्यंत भयंकर आहे. परंतु मुलांच्या चित्रकलेविषयी बोलताना ते टाळता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने यहुदी लोकांना कोंडून ठेवण्यासाठी हल्लीच्या चेक देशात तेरेझीन येथे एक बंदिवास केला होता. तेथे १९४२ सालच्या डिसेंबरात फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची चित्रकर्ती आणली गेली. तिने बंदिवासातील मुलांना चित्रकला शिकविण्यास आरंभ केला. पुरेसा कागद नव्हता. कचेरीतील वापरलेल्या कागदांच्या पाठी हाच त्यांचा कागद. मुलांनी फुले काढली, फुलपाखरे काढली, सुटलेली घरे काढली. प्रत्येक मुलाने आपल्या चित्रावर स्वतःचे नाव घालावे, असा तिचा आग्रह असे. कारण जेथे माणसाची ओळख पुसून टाकण्याचाच उद्योग चालला होता, तेथे नाव लिहिणे हीच मोठी गोष्ट होती. १९४४ च्या ऑक्टोबरात तिला आउशविट्झ येथे नेऊन ठार करण्यात आले. त्या मुलांपैकीही बहुतेक जगली नाहीत. जाण्यापूर्वी तिने सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून लपवून ठेवली होती. ती वाचली, आणि आज प्राग शहरातील यहुदी संग्रहालयात आहेत. चित्रकलेने त्या मुलांचे प्राण वाचविले नाहीत. असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु जितके दिवस ती जगली तितके दिवस ती मुले म्हणून जगली, फुलांकडे पाहणारी व नाव असलेली माणसे म्हणून जगली. हे काम त्या तासाने केले.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. दुःख झाल्यावाचून कला येत नाही, अशी एक समजूत काही लोक मोठ्या थाटाने सांगतात. ती मला मान्य नाही. दुःखाने मोडून पडलेली माणसे असंख्य आहेत. त्यांची नावे कोणी लिहून ठेवीत नाही. दुःख ही इष्ट वस्तू नव्हे, आणि आपल्या मुलांवर ते येऊ नये अशीच प्रार्थना आपण नित्य करतो. तसेच शोकाकुल मुलाच्या हाती रंगाची पेटी दिली, की आपले कर्तव्य संपले असेही नाही. त्यास माणसांची जवळीक हवी, पोटभर अन्न हवे, आणि जरूर तर वैद्याचे साहाय्यही हवे. माझे म्हणणे इतकेच, की दुःख येईल तेव्हा उपयोगी पडणारी ही सवय ते येण्यापूर्वी लागलेली असावी. महापुरात कोणी पोहावयास शिकत नाही.

ह्यावर व्यवहारी पालक विचारतील, ‘चित्रे काढून पोट भरेल काय?’ बहुतेकांचे भरणार नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. परंतु वैनगंगेकाठचा बाप मुलास पोहावयास शिकवितो, तो त्याने नावाडी व्हावे म्हणून नव्हे. एखादे वेळी पाय घसरला तर काठास लागता यावे म्हणून. चित्रकलेचा हेतूही तोच आहे. शिवाय पाहण्याची ही सवय वाया जात नाही. ज्याने धानाची लोंबी निरखून काढली आहे, त्यास तीवरील रोगही लवकर दिसेल. ज्याने पानाच्या शिरा काढल्या आहेत, त्यास वनस्पतिशास्त्र पाठ करावे लागणार नाही.

आपल्या जिल्ह्यास ह्या विद्येची गरज इतर कोणाहून कमी नाही. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्याच्या जलाशयासाठी कित्येक गावांस आपली जुनी ठिकाणे सोडून नव्या गावठाणांत जावे लागले. धरणाने पाणी दिले हे खरे, आणि गावे गेली हेही खरे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेस आलेला महापूर घराघरांत शिरला, तो आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिला आहे. त्याच वर्षी व पुढील वर्षी आलेल्या साथीने कित्येक घरांतील कर्ती माणसे नेली. ज्या मुलांनी हे सोसले, त्यांतील काही आपल्याच शाळांच्या बाकांवर बसतात. ती गणित सोडवितात, धडे वाचून दाखवितात. परंतु ज्या गोष्टीविषयी ती बोलत नाहीत, तीस वाट कोठून मिळावी? निबंधाचा विषय म्हणून ती देता येत नाही. मात्र चित्रकलेच्या तासास ‘तुझ्या घरापुढील झाड काढ’ असे सांगता येते. आणि त्या झाडाखाली कोण बसत असे, हे मुलगा आपण होऊन काढील, किंवा न काढील. दोन्ही त्याच्या स्वाधीन असावे.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस माझे सांगणे असे. येत्या सुटीत एक साधी वही घ्या. छापील चित्र समोर ठेवू नका, मोबाइलच्या पडद्यावरील चित्रही नको. रोज एकच वस्तू निवडा व ती दहा मिनिटे पाहून मग काढा. रंग विकत मिळाले नाहीत तर अडू नका. गेरू, चुना, कोळसा, हळद व तांदळाचे पीठ प्रत्येक गावात मिळते, आणि पळसाच्या फुलांचा केशरी रंग तर होळीस तुम्ही स्वतःच करता. एकच झाड निरनिराळ्या ऋतूंत काढून पाहा. पानझड ही त्या झाडाचा शेवट नव्हे, हे तुमच्या हाताला कळेल, आणि हाताला कळलेली गोष्ट सहसा विसरत नाही. ज्यांच्या आजीचे गाव पाण्याखाली गेले असेल, त्यांनी तिच्याजवळ बसावे, आणि ती सांगेल त्याप्रमाणे त्या गावाचा नकाशा काढावा : चिंच कोठे होती, विहीर कोठे होती, नदीवर जाण्याची वाट कोणाच्या अंगणावरून जाई. ते चित्र सुबक नसले तरी चालेल. आजी ते पाहून चुका दाखवील, आणि त्या चुका दुरुस्त करता करता तुम्हां दोघांचे जे बोलणे होईल, ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने झाले नसते. चित्राखाली आपले नाव व तारीख घालण्यास विसरू नका.

पालकांस एवढीच विनंती, की मुलाचे चित्र पाहून ‘हे काय काढलेस, घोडा की गाढव?’ असे हसू नये. ‘हे तू कोठे पाहिलेस?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने वही मिटते. दुसऱ्याने मुलगा सांगू लागतो. तसेच दहावीचे वर्ष आले म्हणून रंगाची पेटी माळ्यावर टाकू नये. आठवड्यातील एक तास गेल्याने कोणी नापास झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शाळांच्या चालकांस व माझ्या व्यवसायबंधूंस सांगावयाचे ते असे. चित्रकलेचा तास दुसऱ्या विषयास उसना देण्याची चाल आपण बंद करावी. निदान महिन्यातून एकदा मुलांस तलावावर, शेतावर किंवा नदीकाठी न्यावे. शाळेची भिंत रंगवावयाची झाल्यास ती आपल्या बांधीच्या, आपल्या पळसाच्या, आपल्या नदीच्या चित्रांनी रंगवावी. आणि एखाद्या कोपऱ्यात वारली चौक काढावयाचा असेल तर त्याखाली जिव्या सोमा म्हसे यांची हकीकत चार ओळींत लिहावी, म्हणजे ती केवळ नक्षी राहणार नाही. ज्या घरी नुकतेच दुःख झाले आहे अशा मुलाच्या चित्रास कधीही गुण देऊ नयेत. ते नुसते पाहावे, आणि त्यास परत द्यावे.

ह्या जगात आपल्या मुलांवर कोणकोणते प्रसंग येतील, हे आईबापांस ठाऊक नाही व शिक्षकांसही ठाऊक नाही. ते एका परमेश्वरासच ठाऊक आहे. आपण त्यांच्याबरोबर सर्वत्र जाऊ शकणार नाही. परंतु पाहणारा डोळा व रेघ ओढणारा हात ही दोन साधने आपण त्यांच्याबरोबर देऊ शकतो, आणि ती देण्यास आठवड्यातील एक तास पुरतो. येत्या वर्षी तो तास आपण सर्व मिळून राखू, अशी आशा बाळगून हा लेख पुरा करतो.